पहिला पाय गुणाबाईचा

आमच्या घरात कुठलंही नवं काम गुणाबाई आत्यावाचून सुरू होत नाही. ट्रॅक्टर आला की स्टिअरिंगला पहिला हात तिचा. बोअरला पाणी लागलं की पहिली कळशी तिची. नवं घर बांधलं तर उंबरठ्याच्या आत पहिला पाय तिचा, मग बाबांचा, मग काकांचा, आणि आम्ही उरलेली माणसं चपला सांभाळत मागून. आत्या लवकर विधवा झाली. अशा बाईला गावात हळदीच्या मांडवात मागच्या रांगेत बसवतात. आमच्याकडे मात्र तिच्या हाताला यश आहे म्हणून तिला खारबावहून खास गाडी पाठवून आणतात. लोकांना याचं मोठं कौतुक. मलाही पूर्वी वाटायचं.

याचं मूळ आजोबांच्या होडीत आहे. आजोबा खाडीतून रेती काढायचे. आत्या जन्मली त्या सुमाराला त्यांनी स्वतःची होडी केली आणि तिच्या पुढच्या टोकावर ‘गुणा’ असं नाव रंगवून घेतलं. त्या होडीने घर वर आणलं, जमिनी झाल्या. पुढे एकदा भरतीच्या वेळी कोन गावच्या बाजूला ती रेतीच्या वजनाने खाडीत बसली आणि पुन्हा वर आली नाही. आजोबा पोहून काठाला लागले. होडी गेली, पण नावात यश आहे ही समजूत घरात राहिली.

मी भिवंडीत धामणकर नाक्याजवळ भावेश सरांच्या ऑफिसात काम करते. लोकांच्या धंद्यांच्या नोंदण्या, जीएसटी, करार, हे आमचं रोजचं. त्यामुळे बाबा, रामनाथ काका आणि आत्या अशी तिघं एकदम पायऱ्या चढून आली तेव्हा मला बरं वाटलं. आपली माणसं एकदा तरी काही करण्याआधी विचारायला आली! विचारायला कसली, सांगायला आली होती.

धंदा असा होता. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, पसंत पडली नाही की परत करतात. तो परत आलेला माल मानकोलीच्या मोठमोठ्या गोदामांत येऊन पडतो. तिथून तो आणायचा, निवडायचा, पुसायचा, नव्या खोक्यात भरून पुन्हा पाठवायचा. काम काकांनी मिळवलं होतं. जागा घरचीच होती, भातशेतावर भराव टाकून बांधलेला गाळा, बाबा आणि काकांच्या नावावरचा.

“फर्म ताईच्या नावाव करायची,” बाबा म्हणाले. “आमच्यात रीतच हाय ती.”

भावेश सरांनी सवयीप्रमाणे कोरा कागद पुढे ओढून त्यावर तीन चौकोन काढले. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो, सर चौकोन काढल्याशिवाय सोडत नाहीत.

“हा प्रोप्रायटर. एकटा मालक,” ते म्हणाले. “सोपं काम, लगेच होतं. पण इथे मालक आणि धंदा यांच्यात भिंत नाही. धंद्यावर काही आलं की ते थेट मालकाच्या घरावर, जमिनीवर जातं. ही भागीदारी. इथेही भिंत नाही, पण झळ सगळ्या भागीदारांना लागते. आणि ही कंपनी. कायद्याच्या लेखी कंपनी म्हणजे वेगळा माणूसच. तिचं नुकसान तिच्यापाशी थांबतं, सहसा तुमच्या घरापर्यंत येत नाही. कुणाच्या जिवाला काही झालं तर मात्र धंदा चालवणाऱ्याला कुठलीच भिंत वाचवत नाही. पण तिघं डायरेक्टर असाल तर तिघांनाही विचारतील.”

शेवटचं वाक्य ऐकून काका खुर्चीत सरळ बसले.

“आनि पयल्या चौकोनात?”

“पहिल्यात आधी मालकाला विचारतील.”

“म्हंजे ताई मालक झाली तं आमच्या नावाव काय येत न्हाय. बरोबर?”

“कागदावर तरी नाही.”

“पक्का?”

पहिल्यांदा त्यांनी माहिती म्हणून विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज खाली आला, आणि मला उगाच भीती वाटली. बाबांचं लक्षच नव्हतं. ते आपल्या बहिणीकडे कौतुकाने बघत बसले होते. बाबा कपटी नाहीत. भोळे आहेत, पण भोळेपणा सोयीचा पडत असेल तर तो टाकून द्यायची त्यांना घाई नसते.

“बाबा, कंपनी करा,” मी म्हटलं. “तिघांची नावं घाला.”

“तीन नावा कशाला? होरीला हिचंच नाव व्हतं ना? होरी बुडाली तवा कोन आला व्हता का हिला इचाराला?”

काका हसले. आत्याही हसली. सर हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

नोंदणीला जागेचा कागद लागतो, म्हणून बाबा आणि काकांनी गाळा आत्याच्या फर्मला भाड्याने दिल्याचा करारही तेव्हाच ठरला. असे करार मी रोज करते. तरी ‘भाडेकरू’ या शब्दापुढे आत्याचं नाव मी दोनदा चुकीचं टाइप केलं.

रविवारी मी खारबावला गेले. आत्याचं घर दोन खोल्यांचं आहे. मागे आजोबांनी साडीचोळीसाठी म्हणून दिलेला जमिनीचा तुकडा, त्यात ती मेथी आणि वाल लावते. तिच्या मालकीचं जगात एवढंच. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“आते, धंद्यात काही वाकडं झालं तर हे घर जाईल, ही जमीन जाईल. कुणी माणूस दगावलं तर पोलीस पहिल्यांदा तुझ्याकडे येतील. बाबांकडे नाही, काकांकडे नाही.”

“मंग काय करू सांग.”

“कंपनी करू या. नाव तुझंच ठेवू. गुणाबाई पॅकेजिंग प्रायव्हेट लिमिटेड. हवी तेवढी मोठी पाटी लाव.”

“आनि मालक कोन?”

“कंपनी म्हणजे तिची तीच. तुम्ही तिघं तिच्यात वाटेकरी.”

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

“म्हंजे परत होरीच,” ती म्हणाली. “नाव माजं, होरी बापाची. त्या होरीत मना कदी बसवली न्हाय, बाय. बाईमानसाचा पाय लागला तं रेती लागत न्हाय बोलायचे. माजं नाव पान्यावरना जायाचं, नि मी काठाव उभी राहून बगायची.”

मला हे माहीतच नव्हतं. घरभर पहिला पाय जिचा, तिचा पाय त्या होडीला लागला नव्हता.

“सासरी मी अमक्याची बायको. हितं तुजा बाप कालू, त्याची बहीन. गावात ताई. गुनाबाई बोलून कोनी हाक मारली, मना याद न्हाय. तुजा सर बोलला ना, मालक नि धंदा यांच्यात भिंत न्हाय म्हनून? मना त्योच चौकोन पायजे. मना भिंत नको.”

“अगं पण भिंत कशासाठी असते ते तरी...”

“चा घेतंस?”

एकदा आत्याने चहा विचारला की विषय संपतो. मी चिडून चहा न घेता निघाले, आणि स्टेशनपर्यंत स्वतःशीच भांडत गेले. माझा तिच्यावर राग होता आणि तिचं म्हणणं मला समजलंही होतं. दोन्ही एकदम झालं की माणसाला धड भांडताही येत नाही.

दसऱ्याला उद्घाटन झालं. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, गुणाबाई पॅकेजिंग, खाली प्रोप्रायटर गुणाबाई तरे. आत्या नवं लुगडं नेसून आली होती. तिने पाटी आधी खाली उतरवून घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मगच वर चढवू दिली. बाबांनी बाजूला होऊन वाट दिली, आत्याने उजवा पाय आत टाकला, तिच्या मागून बाबा, मग काका. मला तिचा चेहरा बघून खरोखर आनंद झाला, हे मी नाकारत नाही.

आत गेल्यावर मात्र माझी नजर वर गेली. जागा दुप्पट व्हावी म्हणून काकांनी गाळ्यात लोखंडी अँगल आणि प्लायचा माळा ठोकून घेतला होता. आधी सांगितलं नव्हतं. मधल्या खांबाला आत्याने हळदीचा पंजा उठवला. भिंतीवर विजेचा बोर्ड होता, बरोबर त्याच्या रेषेत. कामाला घेतलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच खोकी वर चढवायला सुरुवात झाली.

दिवाळीनंतर परत आलेल्या मालाचा पूर आला. सेलमध्ये हौसेने घेतलेलं सगळं लोकांनी परत पाठवलं. चपला, मिक्सर, साड्या, पाळणे. माळा भरला, त्याच्यावर थर चढले, वरच्या बायका वाकून काम करायला लागल्या. आत्या रोज खारबावहून यायची, दिवा लावायची, नव्या लॉटच्या पहिल्या खोक्याला हात लावायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायची. कामाला आलेल्यांत गोदू नावाची आतल्या गावातली एक तरुण बाई होती. हात चटचट चालायचा आणि तोंडही. आत्या तिच्यासाठी मेथीची जुडी आणायची. गोदू तिला ‘मालकीणबाय’ म्हणायची, आणि आत्या ते ऐकून दर वेळी पदर सारखा करायची.

एका दुपारी मी कागदांवर सह्या घ्यायला गेले होते. गोदू खांबाजवळ पाणी पीत उभी होती.

“मालकीणबाय, तुमचा हात खाली उतरला बघा,” ती हसत म्हणाली. “आता डोक्याव ठेवा माझ्या, तेवढा आशीर्वाद तरी लागंल.”

सगळ्या हसल्या. मी खांबाकडे बघितलं. पंजाची बोटं बोर्डाच्या रेषेत होती, ती आता दोन बोटं खाली होती. खांब कुठे जाणार? खालची फरशी खांबाभोवती गोल तडकली होती. भरावाची माती वजनाखाली बसत चालली होती आणि खांब तिच्यात रुतत होता. वर कुणी चाललं की लोखंड कुरकुरायचं. बायकांना त्याची इतकी सवय झाली होती की आवाज झाला तरी मान वर होत नव्हती.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं.

“भराव बसतोच,” ते म्हणाले. “एवढा माल जाव दे, मंग बगू.”

“बाबा, वर बायका असतात.”

“उन्नती, तू तुजं ऑफिस सांभाल,” काका मधेच म्हणाले. “हितं आमी हाव.”

आमी हाव! कागदावर कुठेही नसलेले हे दोघं मला धंदा कुणाचा ते सांगत होते. मी तशीच आत्याकडे गेले आणि म्हटलं, तुला मालक व्हायचं होतं ना, मग आता हो. तू काम थांबव.

आत्याला एवढंच पुरे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गाळ्यावर थांबले. ती खुर्चीतून उठली, खांबापाशी गेली, पंजावर हात ठेवून बघितला.

“वरचा माल उतरवा,” ती म्हणाली. “आज वर कोनी जायाचं न्हाय.”

बायका थांबल्या. टेप ओढल्याचा चरचर आवाज बंद झाला. क्षणभर मला वाटलं, झालं, चालला तिचा शब्द. तेवढ्यात काका आले. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“ताई, दिवा लावलास ना? मंग बस तू. दमशील.” आणि बायकांकडे वळून म्हणाले, “चला ग, हात चालवा.”

एकेक करून सगळ्या शिडी चढल्या. मजुरी कोण देतं ते त्यांना माहीत होतं. गोदू शेवटची होती. शिडीला हात लावण्याआधी तिने एकदा आत्याकडे बघितलं. आत्या काही बोलली नाही, म्हणून ती चढली.

आत्या खुर्चीत बसली. तिच्या डोक्यावर भिंतीला नोंदणीचं प्रमाणपत्र काच लावून टांगलं होतं, तिच्याच नावाचं. नेहमी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते दाखवायची. त्या दिवशी तिने ते बघितलं नाही.

“आते, अजून वेळ गेली नाही,” मी हळूच म्हटलं. “फर्म बंद कर. नाहीतर तिघांची कंपनी कर, म्हणजे निदान हे दोघं जागे होतील. मी कागद तयार करते.”

“सोमवारी आन,” ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने हो म्हटलं होतं. मी ऑफिसात जाऊन सगळे कागद काढले. बाबा आणि काका सह्या करतील का, याची मला धास्ती होती, पण आत्या त्यांच्याकडून करून घेईल असं वाटत होतं.

माळा शनिवारी पडला.

भर दुपारी फोन आला आणि मी स्कूटर घेऊन निघाले. मी पोचले तेव्हा धूळ अजून खाली बसली नव्हती. मधला खांब जमिनीत घुसून आडवा झाला होता आणि त्याच्यावर सगळा माळा, सगळी खोकी, त्यांच्यावरच्या बायका. शेजारच्या गाळ्यांतले लोक हातांनी खोकी फेकत होते. दोघींना जखमी काढून रिक्षातून नेलं होतं. गोदूला बाहेर आणून दाराजवळ ठेवलं होतं. तिला कुठेही न्यायची घाई आता कुणी करत नव्हतं.

आत्या तिच्या डोक्याशी बसली होती. केसांत धूळ, लुगड्यावर धूळ. ती पदराने गोदूचं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा, जणू ते अजून पुरेसं स्वच्छ झालं नव्हतं. बाबा आणि काका पाटीखाली उभे होते.

पोलिसांची जीप आली. एक साहेब उतरले, दोन शिपाई, एक महिला पोलीस. साहेबांनी आत डोकावून बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, “मालक कोण?”

“साहेब, आमी नुसते जागेचे मालक,” काका म्हणाले. उत्तर तयारच होतं. “गाला भाड्याने दिलाय, करार हाय. वरचा माला भाडेकरूने घातलाय.”

“भाडेकरू कोण?”

काकांनी वर पाटीकडे बोट केलं. बहीण पायापाशी बसली होती, पण तिच्याकडे केलं नाही. मला त्यांची किळस आली. मी बाबांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते. मला वाटलं, आता बोलतील. माझा बाप इतकाही वाईट नाही, आता बोलेल.

“बाबा, बोला,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“साहेब, हा माळा या दोघांनी बांधलाय,” मी ओरडले. “धंदा हेच...”

“उन्नती, गप,” आत्या म्हणाली.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. पदर झटकला आणि सारखा केला.

“मी. गुनाबाई.”

“धंदा चालवतं कोण, मावशी?” साहेबांनी जरा हळू विचारलं. खरं काय ते त्यांना दिसत असावं.

“मी सांगितलं व्हतं वरचा माल उतरवा म्हनून. कोनी आयकला न्हाय.” तिने खाली गोदूकडे बघितलं. “पन ही पोर माज्याकडं कामाला व्हती. मना मालकीणबाय बोलायची. हिच्या आईला काय सांगू, धंदा भावांचा व्हता?”

साहेबांनी पाटी वाचली, मग बाबांना आणि काकांना नावं विचारून लिहून घेतली, उद्या चौकीवर या म्हणून सांगितलं. महिला पोलिसाने आत्याचा हात धरला. मी आत्याबरोबर जीपकडे धावले, तर त्या पोलीस बाईने मला अडवलं. वकील घेऊन ये, म्हणाली. आत्याने वळून माझ्याकडे बघितलं. मेथीला पाणी घाल, एवढंच म्हणाली.

गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. बाबा कुणी न सांगता पुढे झाले. हे त्यांनी मुद्दाम केलं नसावं, जन्मभराची सवय होती. त्यांनी जीपचं मागचं दार धरलं आणि नव्या घराच्या उंबरठ्यावर व्हायचे तसे बाजूला झाले.

“ये, ताई,” ते म्हणाले.

आत्याने उजवा पाय आत टाकला. तिच्या मागून बाबांचा, मग काकांचा, अशी आमची रीत. दार बंद झालं तेव्हा दोघंही बाहेर उभे होते.